ताकाची रवी संत्र्यात

मी एक जुनी रवी आहे, मित्रांनो. ताक घुसळायची, लोणी काढायची, साधी लाकडी रवी. माझ्यामुळे चार वर्षांच्या एका मुलीचा जीव जाता जाता राहिला, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणी तुमच्या कानावर घालण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं लोटली, पण आठवण झाली की अजून माझ्या दांड्याला कापरं भरतं. मी जन्मात कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. तरीही ते घडलं.

माझा जन्म चिखली तालुक्यातल्या उंद्री गावचा. त्या काळी आपल्या वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताच्या जोडीने नागपुराहून चालत असे. गावात निवृत्ती नावाचा सुतार होता. त्याने शिवणीचं चांगलं वाळलेलं लाकूड निवडलं, दीड हाताचा दांडा तासला आणि खाली आठ पाकळ्यांचं फूल कोरलं. पाकळ्यांच्या खाचा त्याने इतक्या खोल आणि नाजूक घेतल्या, की पाहणाऱ्याने बोट लावून पाहावं. मला घ्यायला रुक्मिणीबाई आली होती. तेव्हा ती नवी सून होती, हातात हिरवा चुडा होता. निवृत्तीने मला तिच्या पदरात टाकलं आणि म्हणाला, "घ्या वयनी. ही रई तुमच्या नातवंडांले लोणी चारीन, पाहा."

नातवंडांना लोणी चारीन! तेव्हा हे शब्द मला आशीर्वादासारखे गोड वाटले होते.

रुक्मिणीबाईच्या घरी पाच म्हशी. गावात त्या घराला दुधातुपाचं घर म्हणत. कुणाच्या घरी बाळंतीण असली, कुणी दुखण्यातून उठलं असलं, की लोटा घेऊन लोक याच दारी येत. सकाळी डेरा मांडायचा, मला त्यात उभं करायचं, दांड्याला दोर वेढायचा आणि घुसळायला बसायचं. घुम्म घुम्म असा माझा आवाज शेजारच्या भिंतीपलीकडे ऐकू जाई. लोणी वर आलं की मी त्याने नखशिखांत माखलेली असे. रुक्मिणीबाई बोटाने माझ्या पाकळ्या निपटून घेई, थंड पाण्याचा एक हबका मारी आणि चुलीजवळच्या खुंटीला मला उलटं टांगी. बस्स, एवढीच माझी धुलाई. राखेने घासणं नाही, कढत पाणी नाही. तिच्या सासूने तिला बजावलं होतं, "रई घासली का घरातलं दूध आटते." माझ्या खाचांमध्ये जे लोणी बसलेलं असे, ती घराची लक्ष्मी. ती धुवायची नसते.

मलाही ते मनापासून पटलं होतं. वर्षानुवर्षांच्या लोण्याने मी काळी-तांबूस, तुकतुकीत झाले होते. पाहुण्या बायका मला नाकाशी धरत आणि म्हणत, "काय वास हाय वं बाई!" मी खुंटीवर फुगून बसे. कुणाला वाटेल, लाकडाला कसला आलाय गर्व? पण होता. चांगला मणभर होता.

रुक्मिणीबाईचा मुलगा हिंमतराव मोठा झाला, त्याचं लग्न झालं, अन्नपूर्णा सून म्हणून घरात आली. तिला मुलगी झाली. नाव सोजरा ठेवलं, पण सगळे सोजी म्हणत. अंगावर पीत होती तोवर पोर कशी टुमटुमीत होती. दोन वर्षांची झाल्यावर आईचं दूध तुटलं आणि रुक्मिणीबाईने म्हशीच्या दुधाची वाटी तिच्या ओठांना लावली. तेव्हापासून सोजीचं काहीतरी बिनसलं. आज अंगावर गांधी उठे, उद्या ओकारी होई, परवा पोट बिघडे. हातापायांच्या काड्या झाल्या. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, ताईत बांधून झाला, दोन वैद्यांचे काढे झाले. रुक्मिणीबाई म्हणे, "पोट्टीच्या अंगात ताकद नाई. दूध वाढवा तिचं." मग दूध वाढे. दूध पचलं नाही तर ताक द्यायचं, ताक नको म्हटलं तर लोणी चाटवायचं. ते लोणी मीच काढलेलं असे, मित्रांनो. पोर माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालली होती आणि मी रोज आणखी जोराने फिरत होते.

सोजी चार वर्षांची झाली त्या हिवाळ्यात गावात बुळकांडी आली. ढोरांचा तो मोठा भयंकर रोग. बुलढाण्याहून ढोरांचा डॉक्टर येऊन सुया टोचून गेला, पण तोवर आमच्या पाचांतल्या दोन म्हशी गेल्या. उरलेल्या तीन आजारी. त्यांचं दूध घरात घ्यायचं नाही, असं हिंमतरावाने ठरवलं. दीड महिना डेरा पालथा पडून राहिला आणि मी खुंटीवर कोरडी लटकत राहिले. दुधातुपाच्या घरात थेंबभर दूध नाही! मला तर घर उजाड झाल्यासारखं वाटत होतं.

आणि त्याच दीड महिन्यात सोजी सुधारली. वरणात कुस्करलेली भाकर ती मागून मागून खाऊ लागली. अंगावरच्या गांधी गेल्या. अंगणातल्या कोंबड्यांमागे ती धावू लागली, तेव्हा रुक्मिणीबाईने देवीपुढे नारळ फोडला. नवस फळला, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं. खुंटीवरून मी रोज तिला पाहत होते, पण दोन गोष्टी एकमेकींना जोडून पाहण्याची अक्कल मला कुठली?

माघ सरता सरता म्हशी बऱ्या झाल्या. डॉक्टरने दूध घ्यायला हरकत नाही म्हटलं. ज्या दिवशी पुन्हा डेरा मांडला, त्या दिवशी घरात सणच होता. दाराला तोरण लावलं. अन्नपूर्णा घुसळायला बसली आणि मी अशी काही फिरले, की दीड महिन्याची कसर भरून काढली. लोणी आलं. रुक्मिणीबाईने पहिला गोळा सोजीच्या तळव्यावर ठेवला. "खाय माय, पयला मान तुहा."

सोजीने तो एका घासात खाल्ला. मी डेऱ्याच्या काठाला टेकून कौतुकाने पाहत होते. पोरीने आधी ओठ खाजवले. मग ओठ सुजले. पाहता पाहता डोळ्यांच्या फटी बारीक झाल्या, गालांवर लाल चट्टे उठले आणि ती घशातून शिट्टीसारखा आवाज काढू लागली. अन्नपूर्णाची किंकाळी सगळ्या आळीत ऐकू गेली. शेवटी पोरीला मोठी ओकारी झाली आणि मग कुठे तिचा श्वास मोकळा झाला. तासाभराने ती आईच्या मांडीवर निपचित झोपली. घरातले सगळे होते तिथेच खाली बसले होते. माझ्या पाकळ्यांवरून लोण्याचे थेंब खाली पडत होते आणि त्यांच्याकडे पाहायचंही मला भान नव्हतं.

आमच्या भिंतीला लागून अमीरबीचं घर होतं. तिचा नवरा फकीर मोहम्मद फळांचा व्यापार करी. नागपूरकडची संत्री खामगावच्या स्टेशनात उतरली की तो ती तट्टावर लादून आणी आणि उंद्री, चिखलीच्या बाजारात विकी. किंकाळी ऐकून अमीरबी धावत आली होती. रिवाजाप्रमाणे ती आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. सगळं शांत झाल्यावर ती हळूच म्हणाली, "रुक्मिणीमाय, राग नका मानू. माह्या भावाच्या जहांगीरलेबी असंच होत होतं. हकीमसाहेबानं सांगतलं का याले दूधच जहर हाय. दूध, दही, तूप, सारं बंद केलं. आता पोरगा घोड्यावानी हाय."

दूध जहर! मला तर वाटलं, कुणी माझा दांडाच मोडला. मित्रांनो, ज्याला आपण जन्मभर अमृत म्हणून घुसळलं, त्याला भिंतीपलीकडची बाई जहर म्हणते! रुक्मिणीबाईचा चेहरा लालभडक झाला.

"आमच्या घरच्या दुधावर साऱ्या गावच्या बाळंतिणी उठल्या," ती म्हणाली. "अन् आमच्याच पोट्टीले ते सोसत नाई म्हणतं? लोकायले काय तोंड दाखवू मी?"

अन्नपूर्णा सासूपुढे कधी मान वर करत नसे. त्या दिवशी तिने केली. "आत्याबाई, दीड महिना घरात दूध नव्हतं," ती म्हणाली, "अन् दीड महिना माही सोजी हासत होती." एवढंच बोलली आणि लेकराला उराशी धरून रडू लागली. हिंमतराव कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "मा, आठ दिवस पाहू. दूध नको देऊ तिले." रुक्मिणीबाई उठून मागच्या दारी गेली.

दूध बंद झालं. पण त्या दिवसाच्या धसक्याने सोजी खायलाच भिऊ लागली. घास पुढे केला की तोंड घट्ट मिटून घेई. घसा सोललेला, भाकर टोचे. वरणाचं पाणी दोन घोट, की संपलं. अशाने पोर किती दिवस तग धरणार? अन्नपूर्णाने भिंतीवरून अमीरबीला हाक मारली. तिने विचारलं, जहांगीरला तुम्ही काय देत होतात?

अमीरबी दुपारी आली, ओट्यावर बसली आणि तिने पदराखालून एकेक वस्तू काढली. पाच-सहा टपोरी संत्री. पुडीत टरबुजाच्या बियांचा सोललेला मगज. खोबऱ्याची वाटी. खडीसाखर. आणि शेवटी स्वतःची छोटी रवी.

"मगज भिजवून लोण्यावानी वाटजा," तिने अन्नपूर्णाला समजावलं. "त्यात खोबरं घालजा. मंग संत्र्याचा गर, अन् रईनं चांगलं फिरवजा. सायीवानी घट्ट होते. दुधाचा थेंब नाई त्यात. अन् ही माही रई घ्या. माह्या घरी म्हैस कुठं हाय? ही फक्त डाळीले अन् शरबताले."

रुक्मिणीबाई आतून बाहेर आली. संत्र्यांना तिची ना नव्हती. फळाला विटाळ नसतो, सालीच्या आत देवाने झाकून ठेवलेलं असतं. मगज धुऊन घेता येतो. पण रवी? परक्या घरची, परक्या चुलीवरची रवी आपल्या स्वयंपाकघरात?

"रई नको वं," ती म्हणाली. "आमच्या घरी रई हाय. सासूच्या काळापासून सोवळ्यातली हाय. तिनं आजवर आमच्याच घरचं ताक घुसळलं."

अमीरबीने एकदा रुक्मिणीबाईकडे पाहिलं, एकदा दारातून आत टांगलेल्या माझ्याकडे पाहिलं. काही बोलायला तिचे ओठ हलले होते. पण तिने आपली रवी पदराखाली घेतली आणि ती उठून गेली. ती त्या वेळी बोलली असती तर! आणि माझं काय सांगू? रुक्मिणीबाईने माझी बाजू घेतली म्हणून मी खुंटीवर आणखी फुगले.

दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णाने सकाळी मगज भिजत घातला. दुपारी पाटा स्वच्छ धुतला, मगज आणि खोबऱ्याचे काप घेतले आणि वाटायला बसली. थोडं पाणी शिंपडायचं, वाटायचं, पुन्हा शिंपडायचं. वाटता वाटता ते पांढरंशुभ्र, मऊ, बोटाला चिकटेल असं झालं. ते तिने पातळ फडक्यातून गाळून घेतलं. मग संत्री सोलली. प्रत्येक फोडीची पांढरी साल काढली, कारण ती राहिली की कडसर लागतं; बिया काढल्या आणि नुसता गर मातीच्या नव्या मडक्यात टाकला. खडीसाखर कुटून घातली. मडकं ओल्या वाळूवर ठेवलं. संत्र्याचा वास असा सुटला, की आजारी सोजीसुद्धा आतून विचारू लागली, "आई, काय करून राह्यली?"

मी हे सगळं खुंटीवरून पाहत होते आणि अवाक होत होते. साय नाही, दही नाही, आणि म्हणे सायीसारखं घट्ट होणार! बियांचं कुठे दूध निघतं का? मग अन्नपूर्णाने मला खाली घेतलं, पाण्याचा हबका मारला आणि मडक्यात सोडलं.

बाई गं! ते आंबट-गोड पाणी अंगाला लागलं मात्र, मला शहाराच आला. तिने माझा दांडा दोन तळव्यांत धरला आणि फिरवायला सुरुवात केली. एका हाताने कधी मगजाचं वाटण थोडं थोडं सोडी, पुन्हा फिरवी. आणि खरंच, मित्रांनो, ते दाट होऊ लागलं. केशरी रंग फिका होत होत पिवळ्या चाफ्यासारखा झाला. वर बारीक फेस आला. मी आश्चर्याने गार पडले होते.

त्याच वेळी मला आणखी एक गोष्ट जाणवली होती. तीच सांगताना आजही माझी वाचा बसते. फिरता फिरता माझ्या खाचांमधलं लोणी सुटत होतं. तोरणाच्या दिवशीचं होतं, त्याआधीचंही असेल. बारीक बारीक कण त्या पिवळ्या फेसात मिसळत होते. मला ते कळत होतं. आणि मी काय म्हटलं मनात? म्हटलं, सुटलं तर सुटू दे, बिघडलं कुठे? या बिनदुधाच्या पाण्याला जरा आमच्या घरची चव येईल.

अन्नपूर्णाने वाटी भरली. सोजीने भीत भीत जीभ लावली, मग घोट घेतला, मग आणखी एक. किती दिवसांनी पोरीच्या तोंडावर हसू आलं होतं. रुक्मिणीबाईने डोळ्यांना पदर लावला. अमीरबी उंबऱ्याबाहेर उभी राहून पाहत होती. तिसरा घोट घेतला आणि सोजीने वाटी खाली ठेवून ओठ खाजवले.

मला पहिल्यांदा कळलंच नाही, मी काय पाहते आहे. तेच ओठ, तीच सूज, तेच चट्टे, तीच घशातली शिट्टी. दूध नसताना! रुक्मिणीबाई किंचाळली आणि उंबऱ्याकडे धावली. "काय घातलं वं तू माह्या पोट्टीले? काय जादू केली त्या बियायत?"

अमीरबी पांढरीफटक पडली. "खुदाकसम माय, बिया नं संत्रंच व्हतं," एवढंच ती म्हणू शकली. फकीर मोहम्मद आपलं तट्टू घेऊन दारात आला होता, चिखलीच्या दवाखान्यात पोरीला पोचवायला. रुक्मिणीबाई त्याच्यावरही ओरडली, "तुमच्या जनावरावर नाई बसत माही पोट्टी!" पण हिंमतराव आईचं न ऐकता पोरीला घेऊन दारापर्यंत गेला. तिथेच तिला ओकारी झाली. पोटातलं सगळं पडलं. दोन-चार श्वास तिने ओढून ओढून घेतले, आणि मग ती रडली. तो रडण्याचा आवाज ऐकून सगळ्यांच्या जिवात जीव आला.

पण अमीरबीच्या नावाने जे व्हायचं ते झालं. तासाभरात गावभर झालं, की शेजारणीने हिंमतरावाच्या पोरीला काहीतरी खाऊ घातलं. पाण्यावर आलेल्या बायका अमीरबीला पाहून घागरी उचलून निघून गेल्या. फकीर मोहम्मदाची संत्री त्या दिवशी बाजारात कुणी हातात धरली नाहीत. आणि ज्यामुळे हे घडलं, ती मी मडक्यात उभी होते. मी ओरडत होते, मित्रांनो. मी केलं, मी केलं, असं माझी पाकळी अन् पाकळी ओरडत होती. पण लाकडाचं ओरडणं कुणाला ऐकू येणार?

सोजी झोपली. संध्याकाळच्या सुमारास अन्नपूर्णा ते मडकं उकिरड्यावर ओतायला निघाली. ओल्या वाळूवर ते चांगलं गार झालं होतं. दारात उजेडात आल्यावर ती थबकली. पिवळ्या रसावर मोहरीएवढे पांढरे कण तरंगत होते. तिने एक कण बोटावर घेतला, चोळला. बोट तेलकट झालं. नाकाशी नेलं. मग तिने मडक्यातून मला वर काढलं आणि इतक्या एकटक पाहिलं, की मला माझाच धाक वाटला. बाभळीचा काटा घेऊन तिने माझ्या एका खाचेत खुपसला आणि ओढला. काट्यावर पिवळं पडलेलं लोणी आलं. दुसऱ्या खाचेतूनही आलं. आठही खाचांतून आलं.

"आत्याबाई," ती हळू आवाजात म्हणाली, "इकडे या जरा."

रुक्मिणीबाईने काटा पाहिला, मडकं पाहिलं, मला पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही. भिंतीचा आधार घेत ती खाली बसली. "म्या," ती पुटपुटली. "म्याच म्हटलं का आमची रई सोवळ्यातली हाय. तिची रई घरात येऊ देली नाई म्या." घराची लक्ष्मी म्हणून जे चाळीस वर्षं जपलं, ते काट्याच्या टोकावर होतं. तिचा चेहरा पाहवत नव्हता. आणि माझी? माझी सारी फुशारकी त्या एका काट्याने उपसून काढली होती.

रुक्मिणीबाईने डोळे पुसले. मग उठली, डोक्यावरून पदर नीट घेतला, मला हातात घेतलं आणि घराबाहेर पडली. भर वस्तीतून, पाण्यावर आलेल्या बायकांच्या देखत ती अमीरबीच्या दारात जाऊन उभी राहिली. जन्मात त्या उंबऱ्याशी ती कधी गेली नव्हती.

"अमीरबी," तिने मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणूनच, "तुह्या संत्र्यात काई नव्हतं. जहर माह्या रईत व्हतं. हे पाय." आणि तिने मला पुढे केलं. "मले माफ कर माय. तुही रई दे मले, माह्या सोजीसाठी."

अमीरबीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहिलं. ती आत गेली, तिची छोटी रवी घेऊन आली. पण ती तिने लगेच हातात दिली नाही. "देतो माय," ती म्हणाली, "पण आंधी तुमच्या हातानं घासून घ्या. माह्याबी घरी डाळीले वरून तूप घालते कधी कधी. कोणाच्याच रईवर भरोसा नका ठेवू आता."

मग मी काय पाहिलं! ज्या बाईने जन्मात रवीला राख लावली नव्हती, ती अमीरबीच्या ओट्यावर बसून राखेने, काथ्याने आणि कढत पाण्याने एक रवी घासत होती. एकदा, दोनदा, तीनदा. खाचांमधून काटा फिरवत होती. काट्यावर काही येत नाही ना, हे मागोमाग आलेल्या अन्नपूर्णाला दाखवत होती.

सोजीचा घसा निवळायला चार दिवस गेले. मग पुन्हा मगज भिजला, पुन्हा संत्री सोलली. अमीरबी त्या दिवशी उंबऱ्याच्या आत, पाट्याजवळ बसली होती. तिला आत ये असं कुणी म्हटलं नाही. रुक्मिणीबाईने नुसता पाट सरकवून दिला. मी खुंटीवरून पाहत होते. पहिला थेंब अन्नपूर्णाने सोजीच्या ओठाला बाहेरून लावला आणि वाट पाहिली. काही झालं नाही. मग जिभेवर एक थेंब. पुन्हा वाट. मग एक घोट. मग वाटी.

सोजीने वाटी चाटून पुसून खाली ठेवली. वरच्या ओठावर पिवळी मिशी उमटली होती. सगळे तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते, म्हणून ती बुजली आणि म्हणाली, "अजून दे नं."

मित्रांनो, मी पुढेही त्या घरात ताक घुसळलं. पण आता रोज कढत पाणी माझ्या अंगावर पडे. त्याने माझा दांडा एका बाजूने चिरला, तुकतुकी गेली, वास गेला. पाहुण्या बायका मला नाकाशी धरेनाशा झाल्या. रुक्मिणीबाई म्हातारी झाली तरी सुनेला रोज विचारी, "रई घासली का वं?" आणि गंमत अशी, की म्हशींचं दूध काही आटलं नाही. माझी खुंटी मात्र चुलीजवळून काढून पार आढ्याजवळ ठोकली गेली. मडकं वेगळं, वाटी वेगळी, फडकं वेगळं, आणि सोजीला एकच शिकवण: त्या रवीला हात लावायचा नाही.

पोर माझ्या नजरेसमोर मोठी झाली. ती खाली खेळे, मी वरून पाहे. एकदाही तिने मला स्पर्श केला नाही.

तिचं लग्न ठरलं तेव्हा रुक्मिणीबाई नव्हती. अमीरबी होती, पाठीतून वाकलेली. तिने आपली छोटी रवी नव्या फडक्यात गुंडाळून सोजीच्या पेटीत स्वतः ठेवली, आणि सोजीच्या सासूला बाजूला घेऊन सगळं समजावून सांगितलं. सासरी निघायच्या आधी सोजी घराच्या वस्तूंना नमस्कार करत फिरली. जात्याला हात लावला, पाट्याला लावला, चुलीला लावला आणि डोळ्यांना टेकवला. मग ती माझ्याखाली येऊन उभी राहिली.

मी श्वास रोखला. आज निघायच्या गडबडीत ही विसरली तर? मायेने हात वर केला तर? तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दोन पावलं मागे सरकली, हात पाठीमागे बांधले, लहानपणी शिकवलं होतं अगदी तसे. आणि तिथूनच मान लववली.

त्या क्षणी मला जे वाटलं ते गावातल्या सगळ्या कौतुकाने कधी वाटलं नव्हतं.

म्हणून मित्रांनो, एका जुन्या, चिरलेल्या रवीचं एवढं ऐका. तुमच्या घरी कुणी जेवायला बसलं आणि एखादी गोष्ट आपल्याला सोसत नाही म्हणालं, तर त्याला हसू नका, आग्रह करू नका. आणि त्याच्यासाठी वेगळं काही रांधाल, तेव्हा आधी आमच्याकडे पाहा. आम्हाला घासा. आमच्या खाचांमध्ये काटा घालून पाहा. आम्हाला बोलता येत नाही. त्या दुपारी मला आजची अक्कल असती आणि बोलता आलं असतं, तर मी एकच शब्द बोलले असते: थांब.

सोजीला आता दोन मुलं आहेत. संत्र्याच्या दिवसांत ती माहेरी येते, पेटीतून ती छोटी रवी काढते आणि दुपारभर अंगणातून मगज वाटल्याचा आवाज येत राहतो. मुलं आढ्याकडे बोट करून विचारतात, "आई, ती कोणाची रई हाय?"

"माही," ती म्हणते. "पण तिच्याजवळ जायचं नाई."

मी वरून ऐकते. आणि ती मला अजून "माही" म्हणते, या धक्क्यातून मी दर वर्षी नव्याने सावरते.